आईच्या हातातली दोरी

प्रिय तैसिया,

माझ्यावर घोर अन्याय होतोय आणि दाद मागायची सोय नाही. ईस्टरनंतरच्या आठवड्यात वाटेल त्याने मनोऱ्यावर चढावं आणि चर्चच्या घंटा वाजवाव्यात, ही आपली रीत. काल दुपारी कुणीतरी इतकं बेताल बडवत होतं, की माझी झोप मोडली. तरातरा भांडायला वर गेलो.

वर आपली आई! शेजारच्या सावेलीने तिला पाठुंगळी आणलेलं. अर्धांगवायूने लुळा पडलेला तिचा उजवा हात चक्क दोरी ओढत होता.

"सावेली, म्हातारी पडली असती म्हणजे?"

"पडली का? मग ओरडतोस कशाला?"

आई म्हणाली, "बघत काय उभा राहिलास, मेल्या? दुसरी दोरी धर!"

डॉक्टरांनी आशा सोडली होती. मीही सोडली होती, आणि तुला तसं कळवलंही होतं. आज ही बातमी लिहायला बसलो, तर आईने पेनच मागितलं. "तैसियाला मी लिहिणार," म्हणे. म्हणून हे पत्र नुसतं मन मोकळं करायला लिहितोय, टपालात टाकत नाही. तिचं येईल, वाकड्यातिकड्या अक्षरांत. जरा वेळ लागेल.

सावेली आभार मानू देत नाही. संध्याकाळी त्याची लाकडं फोडली आणि त्याच्या दाराशी रचून आलो.

तुझा भाऊ,
लावर