डूगलची नवी स्टिक

८ मे
डूगलने चिप, म्हणजे झेंड्याजवळचा छोटा फटका, मारायला नवी गोल्फ स्टिक आणली. तोंड इतकं मागे झुकलेलं की वर अंडं तळून घ्यावं. "एफी, हिने बॉल सरळ वर चढतो आणि झेंड्यापाशी अलगद बसतो." मोबाईलवर कुणा अमेरिकन मास्तराने दाखवलं म्हणे. आणि याचं वय वर्षं चौसष्ट! बागेत सराव झाला. बॉल जागच्या जागी. माझे ट्यूलिप तेवढे वर चढले.

११ मे
आमच्या समुद्रकाठच्या मैदानावर असली थेरं चालत नाहीत. जमीन टणक, वारा कायमचा. बाबा इथलेच माळी. त्यांनी मला आपल्या सात नंबरच्या स्टिकने चिप शिकवली, ती आता माझ्याकडे — वजन पुढच्या पायावर, मनगटं गप्प, बॉल ग्रीनवर, झेंड्याभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीवर, पाऊलभर आत टाकायचा, पुढचं जमीन बघून घेते. डूगलला हे सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

१४ मे
डंडीहून रोनाचा फोन. "ताई, खोली रिकामी आहे, कधीही ये." शनिवारी जोडप्यांचा सामना, रविवारी डूगलला सोडून चाललेय म्हणून सांगायचं आणि डंडीची गाडी धरायची. बॅग भरून पलंगाखाली ढकलली. त्याला कळायची भीती नाही. लग्नाच्या एकतीस वर्षांत पलंगाखाली वाकलाय कोण?

१५ मे
खिमा-बटाटे. तो बोलला: "मीठ."

१७ मे, शनिवार
एका जोडीला एकच बॉल, आळीपाळीने मारायचा. क्लबात याला घटस्फोट चषक म्हणतात. सगळे दरवर्षी हसतात, आज मला जमलं नाही. जोडीदाराला सॉरी म्हणायचं नाही, हा इथला जुना रिवाज. डूगल तो घरीही पाळत आलाय.

शेवटच्या होलपर्यंत मकफेल जोडप्याशी बरोबरी. डूगलचा बॉल ग्रीनच्या दहा पावलं अलीकडे पडला. पुढचा फटका माझा. दोघांच्या पिशवीत हात घातला — सात नंबर नाही. डूगलकडे बघितलं.

"चौदाच्या वर स्टिका चालत नाहीत ना. नवी बसवायला तुझी काढली."

"बाबांची काढलीस?"

"अगं, हिने मार की."

मारली. बॉल ग्रीन ओलांडून थेट चहाच्या खिडकीखाली. हरलो. मकफेलीणबाई गोड आवाजात म्हणाल्या, "तुझे वडील तर डोळे मिटून मारायचे हो हा फटका."

घरी जायला गाडीत बसलो. मग तो म्हणाला, "सॉरी, एफी." रिवाज मोडला! फार उशिरा सुचलं त्याला.

१८ मे
मी सांगायच्या आतच डूगल कुत्र्याला घेऊन बाहेर पडला. मी पलंगाखालून बॅग ओढली. हँडलला बाबांची सात नंबर सुतळीने बांधलेली, पुसून लख्ख. चिठ्ठीवर त्याचं अक्षर: "डंडीकडची मैदानंही टणक आहेत. लागेल तुला."

एकतीस वर्षांतली त्याची पहिली चिठ्ठी. दहाची गाडी आहे, आणि मला इथून उठवत नाही.