आंगठा पन्हळीच्या खाली

मार्गशीर्ष शु. ४, सोमवार

गंगू आली, चिमीला घेऊन. लेक आली, नात आली, घर भरलं. निपाणीहून मोटारीनं बेळगाव, तिथनं आगगाडीनं गुंजी, पुढं दोन मैल पायी. चिमी चार वर्षांची, म्हणते सगळी वाट मीच चालले. लबाड. पाय मळलेसुद्धा न्हवते. रताळी भाजून दिली, चार खाल्ली, पाचवं झग्यात लपवलं. मला एवढा आनंद की ताकात मीठ दोनदा पडलं.

गंगूला हाक मारली तर वळेना. डाव्या कानानं ऐकू येत न्हाय. नवऱ्यानं मारलं. खालचे दोन दातबी न्हाईत. ह्यांनी विचारलं न्हाय, मीबी न्हाय. उजवीकडं बसून बोलते.

शु. ६, बुधवार

डुकरं परत आली. खालच्या तुकड्यातली रताळी उकरून गेली. बंदुकीला साहेबाचा परवाना लागतो, आमच्यासारख्याला कोण देतो. म्हणून सासऱ्यांचं आडवं धनुष्य काढलं. गोव्याकडच्या एका किरिस्तावाकडनं आणलेलं. लाकडी दांड्यावर आडवं बसवलंय, चाप दाबला की बाण सुटतो. मारायचं काम ह्यांचं, राखायचं माझं. लग्न झाल्यापासनं.

दांड्यावर बाण बसतो ती पन्हळ. तिला कोकमाचं तेल लावू नये, थंडीत थिजतं. नवी सून असताना मीच लावलं होतं, चांगलं बोटभर, माया म्हणून. डुक्कर समोर आणि बाण ह्यांच्या पायाशी पडला. सासूनं त्या दिवशी मला जेवू घातलं न्हाय, वर पत्रावळ्या लावायला बसवलं. आता करंजीचं तेल. चिंधीला दोन थेंब, लावायचं आणि पुसून काढायचं. बोट घसरलं पाहिजे, तेल दिसता कामा नये. दोरी तागाची, तिला तेल न्हाय, मेण. मधाच्या पोळ्याचं मेण तळहातावर चोळून ऊन करायचं, मग चिमटीनं दोरीला. मधे चाप धरतो तिथं जास्ती.

गंगू शेजारी बसून बघत होती. लहानपणी मेण तीच चोळायची. आजोबा काय म्हणायचे गं, मी विचारलं.

"आंगठा पन्हळीच्या खाली."

आणि हसली. आल्यापासनं पहिल्यांदा. दांडा धरल्याला डावा आंगठा जरा जरी वर राहिला तर दोरी घेऊन जाते. चुलत सासऱ्यांचा गेलता.

शु. ७, गुरुवार

निपाणीकराचा निरोप. (जावयाला मी निपाणीकरच म्हणते, नाव घेतलं की तोंड आंबतं.) शनिवारी न्यायला येतो. ह्यांचं म्हणणं, दिल्या घरी पाठवलीच पाहिजे. चिमी ऐकून कणगीमागं जाऊन बसली. गूळ दाखवला तरी येईना.

पन्हळ परत पुसली. मेणाचा आणखी एक हात दिला. काही मनात न्हवतं. हाताला काम पाहिजे म्हणून.

शु. ९, शनिवार

लिहायलाच पाहिजे. हसू आवरंना.

निपाणीकर सकाळच्या गाडीनं आला. अंगाला तंबाखूचा वास, डोक्याला नवा फेटा. हे मोळी बांधायला गेलते. च्या पिला, बशी पालथी केली, मग भिंतीचं धनुष्य दिसलं. म्हणाला, मामी, हे तुमचं खेळणं का? तंबाखूच्या वखारीतल्या साहेबानं म्हणे त्याच्या हातात बंदूक दिली होती. बंदुकीची पिशवी दिली असंल. कुंपणावरचा भोपळा मारून दाखवतो म्हणाला. धनुष्य पायानं दाबून दोरी वडली, बाण ठेवला, दांडा धरला.

आंगठा वर. चांगला उभा, पन्हळीवर.

मी बघितलं. गंगू दारात होती, तिनंबी बघितलं. तिनं माझ्याकडं बघितलं. दोघींना तोंड होतं.

चाप दाबला. आंगठा पेरापासनं गेला. बाण भोपळ्यात नीट मधोमध. पन्हळ चांगली होती.

निपाणीकर अंगणात बसला आणि आईला हाका मारायला लागला. तुकडा कोंबडीनं उचलला आणि गोठ्याकडं पळाली. आम्ही दोघी बघत राहिलो. मग मी हळद आणली, सावकाश, डबा सापडेना. शेजारच्या आप्पांनी गाडी जुंपून ठेसनावर नेला. बेळगावच्या दवाखान्यात घालणार. गंगू मागं राहिली. चिमी कणगीमागनं बाहेर आली.

शेवयांची खीर केली.

शु. १०, रविवार

काल लई हसले, ते आज उतरलं. गंगू भांडी घासत होती. मी म्हटलं, आता हात उगारताना आठवण ऱ्हाईल त्याला. तिनं राख हातातच धरली.

"आई, माझा डावा कान गेला तो उजव्या हातानं. तो हात हाय तसा हाय."

एवढं मला कळायला पाहिजे होतं. सात दिवस तिच्या उजव्या बाजूला बसत होते.

पुनव, गुरुवार

ह्यांनी विचारलं, त्याला सांगितलं न्हवतं का आंगठ्याचं? मी म्हटलं, भाकरी करपतीय. एवढ्या वर्षांत एक खोटं बोलले न्हाय. हेबी खोटं न्हाय. भाकरी खरंच करपत होती.

मग भाकरी मोडता मोडता म्हणाले, बरा झाला की पाठवायची. तोपर्यंत राहू दे.

वद्य ६, बुधवार

निपाणीकराचं पत्र, दुसऱ्याकडनं लिहून घेतल्यालं. पौषात येतो. बायको-पोरगी तयार पाहिजेत. ते धनुष्य माझ्या देखत मोडा, न्हायतर फौजदाराकडं जातो. हिला माहीत होतं, असंबी लिवलंय. हिला म्हणजे कोणाला ते लिवलं न्हाय.

हे म्हणाले, मोडू. कुऱ्हाडीला धार लावली, कोपऱ्यात ठेवली.

वद्य ९, शनिवार

चिमी आता माझ्याजवळ झोपते. पाय पोटात घालते, थंडगार.

आज दुपारी गंगूनं मेण मागितलं. दोरी नवी वळलीय तिनं, तीन पदरी, माझ्यापेक्षा घट्ट. अंगणात बसून चोळत होती, मधे जास्ती. मग चिंधी, करंजीचं तेल, दोन थेंब, पुसून काढलं. बोट फिरवून बघितलं. बाणाचं टोक दगडावर घासलं.

मी म्हटलं, कशाला गं, आता मोडायचंच हाय की.

मी तिच्या डाव्या बाजूला बसले होते. ऐकू आलं न्हाय तिला. का आलं?