बोक्यासोबतचा शुक्रवार

बाबा, आज जुन्या हार्ड डिस्कवर तो फोल्डर सापडला. नाव तुम्हीच दिलेलं, 'बारावी आणि बोका'. दोनशेच्या वर फोटो, सगळे एकाच सकाळचे.

खूळ माझंच होतं. वर्गातल्या एका मुलीनं इंटरनेटवर बघून तसले फोटो काढून घेतले होते, शाळा संपताना, बाहेर झाडाखाली, घरचं कुत्रं कुशीत घेऊन. मला आपल्या बोक्याबरोबर हवे होते. तुम्ही स्वयंपाकघरात पोळीला तूप लावत होतात. "आधी निकाल लागू दे, मग मिरव," म्हणालात, आणि वर, "त्यालाही बसव की परीक्षेला." आई हसली, मी रुसले. पण शुक्रवारी सकाळी कॅमेरा गळ्यात अडकवून गाडीपाशी तुम्हीच आधी उभे. तेव्हा आपण आखातात होतो, मदिनत सुलतान काबूसमध्ये आपल्या दारातच बोगनवेल फुललेली होती, पण तुम्हाला निझव्याची खजुराची बागच हवी. दीड तास बोका टोपलीत रडतो आहे आणि मागच्या सीटवर आई त्याला दटावते आहे. बागेत मी त्याला उचलून ऐटीत उभी राहिले, तर त्यानं थेट पाण्याच्या पाटात उडी घेतली. तुम्ही बुटांसकट त्याच्या मागे. बागेचा म्हातारा राखणदार हसून लोटपोट, "यल्ला, यल्ला!" म्हणजे चला, चला! तुम्ही बाहेर आलात ते ओला बोका छातीशी धरून, पँट गुडघ्यापर्यंत भिजलेली, स्वतःही हसत. पाटात उतरताना कॅमेरा तुम्ही माझ्या हातात कोंबला होतात. मी तुमचे भराभर फोटो काढले. गाल भरलेले होते तुमचे तेव्हा, पोटही सुटलेलं.

मग कॉलेजसाठी आई आणि मी पुण्याला आलो. तुम्ही नोकरीसाठी तिथेच राहिलात, फ्लॅट सोडून रुवीत एकाबरोबर खोली घेतलीत. "बोका माझ्याकडेच राहील, तू अभ्यास बघ," म्हणालात. महिन्या-दोन महिन्यांनी व्हॉट्सॅपवर त्याचा फोटो यायचा, खाली एवढंच, "साहेब मजेत आहेत." माझ्या शेवटच्या वर्षी तुमची सुट्टी दोनदा रद्द झाली. फोनवरचा आवाज बारीक झाला, दोन वाक्यांत फोन ठेवायला लागलात. आईनं फारच खोदून विचारलं, तेव्हा तुम्ही स्वतःचा फोटो पाठवलात, बोका छातीशी, मागे खजूर. "काल निझव्याला गेलो होतो. ठणठणीत आहे." आई मोबाइल घेऊन शेजारी धावली. "बघा, ह्यांची तब्येत केवढी सुधारलीय!"

चार महिन्यांनी पेटी आली. झाकण काढल्यावर आई म्हणाली, "हे आमचे नव्हेत." खरंच, तुम्ही अर्धेही उरला नव्हतात. दिवस झाल्यावर मी तुमच्या खोलीतल्या रत्नागिरीच्या त्या भल्या माणसाला फोन करून बोक्याचं विचारलं. "मांजर? आमच्याकडे मांजर कधीच नव्हतं, ताई," तो म्हणाला. "खोलीत ठेवायला परमिशनच नाही. साहेबांनी ते निझव्याला बागवाल्याकडे सोडलं होतं, तिथून आठवड्यात पळालं. साहेब दर शुक्रवारी शोधायला जायचे. मग आजारपणात जाववेना. डॉक्टर म्हणत होता इंडियाला जा, तर म्हणायचे, पोरीची परीक्षा होऊ दे, इन्शाल्ला मग जाईन. घरी सांगू नको, अशी शपथ घातली होती मला."

आई अजून म्हणते, "त्यांनी कळूच दिलं नाही गं आपल्याला." मी मान डोलावते. दहा वर्षं डोलावते आहे. पण मला कळलं होतं, बाबा. आई शेजारून यायच्या आत मी तो फोटो मोठा करून पाहिला होता. पँट गुडघ्यापर्यंत भिजलेली होती. मीच काढलेला फोटो मला ओळखू येणार नाही होय? तेव्हा तोंड उघडलं असतं तर आई मिळेल त्या विमानानं तुमच्याकडे आली असती. मग माझी परीक्षा, परीक्षेनंतर मैत्रिणींबरोबर ठरलेलं गोवा, सगळंच अडलं असतं. मी स्वतःला समजावलं, एवढं काही नसेल. आणि तुम्हाला लिहिलं, "बाबा, मस्त दिसताय!" त्यावर तुमचं उत्तर आलं नाही. इतक्या फोटोंतून तुम्ही नेमका माझ्या हातचाच निवडलात. मी ओळखावं म्हणून निवडला होता का? हा प्रश्न मला जगू देत नाही.

हे पत्र छापून तुमच्या फोटोमागे खोचावं असं मघाशी मनात आलं होतं. पण फोटो आई रोज पुसते, तिच्या हाती लागेल. आईनं भिंतीवर तोच लावलाय, निझव्याचा. त्यात तुम्ही कमरेपर्यंतच दिसता. पँट दिसू नये म्हणून फ्रेमवाल्याला तिथून कापायला मीच सांगितलं होतं.