कोल्हापूरची खोली, साउथहॅम्प्टनची खोली

आई, तू शेगडीच्या मधोमध रिकामी बाटली उभी धरली आहेस आणि मी तिच्याभोवती भुसा टाकते आहे. टाकला की तू मुठीने ठासतेस आणि म्हणतेस, "अजून टाक." बाटली फिरवत फिरवत वर काढायची वेळ आली की मला श्वाससुद्धा घेऊ देत नाहीस, कारण मधलं भोक ढासळलं तर सगळा भुसा उपसून पुन्हा पहिल्यापासून. इस्लामपूरची आपली एक खोली. बाबांना जाऊन चार महिने झालेत. नळावरच्या दोन घागरी मी आणून ठेवल्या आहेत, पीठ चाळून झालं आहे, आणि तुला अकराच्या आत चार घरच्या भाकऱ्या पोचवायच्या आहेत. तू थापायला बसलीस आणि थोड्या वेळात पोस्टमन आला. तू पिठाचे हात पदराला पुसलेस, पाकीट उलटसुलट करून पाहिलंस आणि माझ्यापुढे धरलंस. "वाच गं."

मी अकरा वर्षांची होते. तुला अक्षर येत नव्हतं, पण माझी पोरगी धडाधडा वाचते असं तू चारही घरी सांगून ठेवलं होतंस.

ती सकाळ पन्नास वर्षांनी आठवायचं कारण म्हणजे या महिन्यात माझ्याही पुढे दोन कागद येऊन पडले. तुला मी कुठे राहते ते नीटसं कधी कळलं नाही. तू मामांना विचारायचीस, लंडन म्हणजे मुंबईच्या पुढे किती? लंडनच्या एका टोकाला वेम्बली आहे. तिथे कढीपत्ता मिळतो, अळूची पानं मिळतात, दुकानदार गुजरातीत बोलतो आणि मी मराठीत उत्तर देते. तीस वर्षं एका भाड्याच्या फ्लॅटमध्ये काढली. हे गेले त्याला तीन वर्षं झाली. यांचा कोट अजून दारामागे आहे. म्हातारे घरमालक वारले आणि त्यांच्या मुलांनी फ्लॅट विकायला काढला. त्याच सुमाराला मी जिथे जेवण बनवत होते त्या शाळेने स्वयंपाकघर बंद केलं, जेवण आता बाहेरून गाडीने येतं. वेम्बलीत मला परवडेल अशी एक खोलीसुद्धा राहिलेली नाही. रिटायर व्हायला अजून सहा वर्षं आहेत. म्हणून काम शोधलं आणि दोन गावांहून होकार आला.

एक मेडनहेड, लंडनच्या जवळचंच गाव. तिथे तुझी नात राहते, जी तू पाहिली नाहीस. तिचं घर छान आहे, जावई चांगला आहे, दोन वर्षांची मुलगी आहे. जवळच्या एका पाळणाघरात सकाळचा स्वयंपाक करायचा, दुपारनंतर घरी माझ्या नातीला बघायचं. त्या पगारात तिथे वेगळं घर घेणं शक्य नाही, त्यामुळे राहायचं लेकीकडे, वरच्या मजल्यावरच्या बारक्या खोलीत. दुसरं साउथहॅम्प्टन. ते बंदराचं गाव आहे, इथून गाडीने दीड-दोन तास. तिथे मोठ्या हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात पूर्ण वेळेचं काम, आणि हॉस्पिटलात काम करणाऱ्यांसाठी कमी भाड्याने ठेवलेल्या घरांपैकी एक घर. एकच खोली, पण स्वयंपाकाची जागा वेगळी. तिथे माझ्या ओळखीचं कोणीही नाही.

लेकीला हे सांगितलं तर ती हसायलाच लागली. "आई, सीरियसली, तिकडे कोण आहे तुझं?"

"कोणी नाही."

"एक्झॅक्टली! तू त्या पेशंट लोकांना लसणाची फोडणी देशील, ते ड्रिप काढून पळून जातील."

"पळाले तर बरे झाले म्हणायचे," मी म्हटलं.

मग तिचा आवाज बदलला. "आई, मला तुझा मदत पाहिजे गं. आणि तू एकटी राहायला नको. बाबा गेल्यावर मी रोज सकाळी पहिला विचार करते, आई उठली का." ती इथेच जन्मली, मराठी घरातलंच शिकली. बोलते ते सगळं मनातून बोलते.

साउथहॅम्प्टनला मी एकटी जाऊन आले. तिथली मुख्य बाई माझ्याहून वीस वर्षांनी लहान असेल, तरी इथल्या लाडाच्या रीतीने मला 'लव्ह' म्हणत होती. तिने सगळं स्वयंपाकघर फिरवून दाखवलं. ज्यांना गिळता येत नाही त्यांच्यासाठी गाजर शिजवून अगदी मऊ वाटतात आणि गाजराच्याच आकाराच्या साच्यात घालून पुन्हा त्याचं गाजर करतात. तू हसली असतीस. म्हणाली असतीस, एवढा खटाटोप कशाला? मी तिला तेच विचारलं. ती म्हणाली, ताटात गाजर दिसलं तर माणूस तोंड उघडतो. मला ते पटलं. नंतर घर पाहिलं. तिसऱ्या मजल्यावर, मोरीच्या वर खिडकी. घरांच्या छपरांपलीकडे बंदरातल्या क्रेन दिसत होत्या आणि एक पांढरंशुभ्र जहाज इतकं उंच की मला ती इमारतच वाटली. मी नळ सोडून बघितला, पाणी जोरात आलं. भिंतीला हात लावला, ओल नव्हती. आणि मग तिथे उभी असताना मला कोल्हापूरची खोली आठवली. खोलीत खुर्ची नव्हती. मी जमिनीवर बसले.

आई, त्या पत्रात काय होतं ते तुला सांगायचं राहिलं आहे.

कोल्हापूरच्या मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाकाच्या कामासाठी तू आधीच्या महिन्यात जाऊन आली होतीस. मला बरोबर नेलं होतंस. कोठीच्या शेजारची खोली त्यांनी दाखवली. तुला ती आवडली होती, तू दार दोनदा उघडून लावून पाहिलंस, आतून कडी लागते का ते पाहिलंस. मी बाहेर उभी होते. व्हरांड्यात माझ्याच वयाच्या मुली होत्या. त्यातली एक म्हणाली, ही नव्या स्वयंपाकीणबाईंची पोर वाटतं, आणि दुसरी माझ्या फ्रॉककडे बघून हसली. एवढंच झालं. आणि दुसरीकडे सांगलीला मामांचं घर होतं. मामा तेराव्यालाच म्हणाले होते, चल माझ्याकडे. त्यांच्याकडे पंखा होता, मामेबहिणीची सायकल होती, आणि काचेच्या दारांचं पुस्तकांचं कपाट होतं. मला ते कपाट हवं होतं.

पत्र वसतिगृहाच्या मुख्य बाईंचं होतं. त्यांनी लिहिलं होतं की तुम्हाला कामावर घेतलं आहे, पुढच्या सोमवारी यावं, खोली झाडून ठेवली आहे, आणि मुलीची शाळेची फी भरावी लागणार नाही. मी ते मनात वाचलं. मग मोठ्याने वाचलं, "कळवण्यास वाईट वाटते की जागा भरली आहे."

तू म्हणालीस, "परत वाच."

मी परत वाचलं. पहिल्यांदा जे शब्द घेतले होते तेच, त्याच क्रमाने घेतले, एकही चुकू दिला नाही. तू तव्याकडे बघत होतीस. "बरं," म्हणालीस. भाकरी उलटवलीस. ती करपली नव्हती. शेजारी मास्तर राहत होते, त्यांच्याकडून एकदा वाचून घ्यावं असं तुझ्या मनातही आलं नाही. तुझी मुलगी वाचत होती ना.

आठवडाभराने आपण सांगलीला गेलो. मामांनी वाईट वागवलं असं मी म्हणणार नाही. मामीही तुला कधी उलट शब्द बोलल्या नाहीत. पण सतरा वर्षं तू त्या घरात, पहाटेपासून त्यांच्या चुलीपाशी असूनही, चहा टाकायच्या आधी विचारायचीस. "वहिनी, चहा टाकू का?" मामा ओरडायचे, "अगं विचारतेस काय, घर तुझंच आहे!" आणि दुसऱ्या दिवशी तू पुन्हा विचारायचीस. तुझा असा एक डबासुद्धा त्या फळीवर नव्हता. तुझी वळकटी मागच्या पडवीत, जिथे आतून लावायला कडी नव्हती. काचेच्या कपाटाला कुलूप होतं, किल्ली मामांच्या जानव्याला. मी किराणाच्या पुड्यांचे कागद वाचले. नववीनंतर मला शाळेतून काढलं तेव्हा तू पहिल्यांदा आणि शेवटच्यांदा मामांसमोर आवाज चढवलास, आणि ते म्हणाले, "मग जा, ठेव तिला कुठे ठेवतेस तिथे." तू मागे पडवीत जाऊन बसलीस. मी तुझ्याजवळ आले. सांगायला तोंड उघडलं होतं. तू म्हणालीस, "जाऊ दे. तुझा काही दोष नाही यात."

तेवढं तू म्हणायला नको होतंस, आई.

इथे आल्यावर मी लायब्ररीत लहान मुलांच्या पुस्तकांवरून इंग्रजी वाचायला शिकले. लोक कौतुक करतात, केवढी जिद्द म्हणतात. जिद्द नव्हती ती. दुसऱ्याने वाचून दाखवलेल्या कागदावर माझा विश्वास बसत नव्हता. कौन्सिलचं, म्हणजे इथल्या नगरपालिकेचं, पत्र आलं की हे म्हणायचे, दे, मी सांगतो काय लिहिलंय. मी देत नसे. हे चिडवायचे, "वकिलीणबाई, झालं का वाचून? चहा गार झाला." तेहतीस वर्षांच्या संसारात यांनाही मी कारण सांगितलं नाही. तू गेलीस तेव्हा माझी लेक तीन आठवड्यांची होती. मामांचा फोन आला. मी बाळाला पाजत होते, पाजतच राहिले. तिकीट काढणं शक्य नव्हतं हे खरं आहे. पण तुझं तोंड बघावं लागणार नाही म्हणून मला आत कुठेतरी सुटल्यासारखं वाटलं, हेही खरं आहे.

गेल्या शनिवारी मेडनहेडला गेले होते. मी जवळजवळ ठरवूनच गेले होते, लेकीकडेच राहावं. तिने ती बारकी खोली रंगवून घेतली होती, घडी होणारा पलंग आणला होता, खिडकीत तुळस ठेवली होती, कुठून मिळवली कोण जाणे. नात माझ्या मांडीवरून उतरत नव्हती. दुपारी सगळे जरा टेकले. मी खाली आले, किटली हातात घेतली, आणि माझ्या तोंडून आलं, "चहा टाकू का?"

लेक सोफ्यावरून म्हणाली, "ओह आई, विचारते काय? इट्स युअर हाउस!"

मी किटली हातात घेऊन तशीच उभी राहिले. माझा आवाज तुझा होता. शब्द तर होतेच, पण ते शेवटचं खाली गेलेलं 'का', नको म्हटलं तरी चालेल असं, तेही तुझंच. लेक उठून आली. "काय झालं? भाजलं का?" मी म्हटलं, "नाही, कपांचं कपाट सापडेना." चहा टाकला, लेकीला आणि जावयाला दिला.

तिचा यात काही दोष नाही. तिने मला मनापासून बोलावलं आहे. मामांनीही तुला मनापासूनच बोलावलं असेल, हे मला आज साठीला आल्यावर कळतं. पण आपण तिथे गेल्यावर आपलं काय होतं ते बोलावणाऱ्याला दिसत नाही. मला दिसलं होतं. रोज दिसत होतं. आणि ते कुणामुळे ते मला एकटीला ठाऊक होतं.

साउथहॅम्प्टनला जाऊन तुझं काही भरून येणार नाही. तू कोठीशेजारच्या त्या खोलीत आतून कडी लावून एक रात्रही झोपली नाहीस, ती नाहीसच. तिथे मी एकटी पडेन, आजारी पडले तर दार कोण उघडेल हेही माहीत नाही, आणि नात मला महिन्यातून एकदा दिसेल. ती माझ्याकडे पळत यायची थांबेल, या वयाची मुलं विसरतात. हे सगळं मी मांडून पाहिलं आहे. एक क्षण असंही वाटलं, लेकीला सांगावं की पाळणाघरवाल्यांनी ऐनवेळी दुसरं कोणी घेतलं. तिला कमी लागेल. शब्दसुद्धा तयार होते.

हे कुठे पाठवायचं नाही. तू असतीस तरी तुला ते कोणाकडून तरी वाचून घ्यावं लागलं असतं. आणि खरं सांगते आई, तू असतीस तर मी हे लिहिलंच नसतं.

रविवारी एवढं लिहून झालं. सोमवारी सकाळी मी साउथहॅम्प्टनला फोन करून येते म्हणून सांगितलं. मग लेकीला फोन लावला. मेडनहेडचं काम माझ्यासाठी अजून आहे, मीच नाही म्हणते आहे, असं तिला सांगितलं. ती खूप रडली. तिने ठेवेपर्यंत मी फोन ठेवला नाही.