खुनी मी आधीच ओळखला होता

२ जून, सोमवार. दुपारी दोन
आजपासून लिहून ठेवणार. नात म्हणते, आजी, तू खुनी ओळखत नाहीस, खुनी सापडल्यावर "मी म्हटलंच होतं" म्हणतेस. कॉलेजात जायला लागल्यापासून हिला शिंगं फुटली आहेत. म्हणून ही वही. चारची मालिका लागली की पहिल्या जाहिरातीतच खुनी लिहून टाकायचा. वही गादीखाली. कुणाला दाखवायची नाही.
शाळा चौथीपर्यंत. पण कापडाच्या कारखान्याच्या गेटवर एकतीस वर्षं बायकांची झडती घेतली. पोटाला कापड गुंडाळून निघालेली बाई मी लांबून ओळखायचे. टीव्हीतला इन्स्पेक्टर काय ओळखणार? त्याची बायको तीन भागांपूर्वी घर सोडून गेली, हा अजून कॉफीच पितोय.

संध्याकाळी
घड्याळवाल्याचा खून. लिहिलं: पुतण्या. नजर सारखी खाली. निघाला भागीदार. मग पुतण्या खाली काय बघत होता? शेवटपर्यंत सांगितलं नाही. लेखकाची चूक, माझी नाही.
समोरच्या दारच्या नर्सबाईंनी ओळखला. रिटायर झाल्यात, टीव्ही बिघडलाय, म्हणून रोज माझ्याकडे येतात. तासभर स्वेटर विणतात, तोंडातून ब्र नाही. शेवटच्या जाहिरातीत मान वर न करता एक माणूस सांगतात. तोच खुनी. बारा दिवस हेच चाललंय.

३ जून, मंगळवार
माळी लिहिला. भर उन्हाळ्यात हातमोजे. निघाली मेलेल्याची बहीण. नर्सबाई बरोबर.
इन्स्पेक्टर अंधाऱ्या घरात बॅटरी घेऊन शिरला. दाराशेजारी बटण होतं, मला दिसलं. मी ओरडले, मेल्या, दिवा लाव. त्यावर नर्सबाईंनी सुया खाली ठेवल्या. म्हणाल्या, तुमच्या बोलण्यात मला मालिका ऐकू येत नाही, उद्यापासून मी खालच्या मजल्यावर बघायला जाते. खालच्यांचा टीव्ही भिंतीएवढा आहे. माणसं मुकी.
जायचं तर जा, असं ओठावर आलं होतं. पण एकटीने बघायचं म्हणजे सांगायचं कुणाला? सून चार वाजता झोपते, किंवा झोपल्याचं दाखवते.
पैज लावली. शुक्रवारपर्यंत तीन केस. एक जरी माझी बरोबर आली तर मी वाटेल तेवढं बोलणार. एकही नाही आली तर पुढचा सगळा आठवडा तोंडाला कुलूप. तीनातली एक. लहान पोर जिंकेल.

४ जून, बुधवार
घरात माणसं पाच. मी चौघांची नावं घेतली. खुनी पाचवा. याला नशीब म्हणतात, अक्कल नाही.
नर्सबाई पाचवाच म्हणाल्या.

५ जून, गुरुवार
आज पक्कं सापडलं. प्रेताचं पोट हललं. मी डोळ्यांनी बघितलं. लिहिलं: मेलेला मेलेलाच नाही, सोंग घेऊन पडलाय, खुनी तोच.
पंधरा मिनिटांनी त्याचं शवविच्छेदन केलं.
नट श्वास घेत होता, असं नात म्हणते. मग असे नट घेता कशाला? एका मिनिटाचं मरण धड करता येत नाही आणि मुलाखती देत फिरतात.

६ जून, शुक्रवार
डॉक्टर लिहिला. अगदी दुसऱ्या मिनिटाला. गोड बोलणारा डॉक्टर आणि हसणारा मुकादम, दोघांपासून लांब राहावं. पण मधेच बायको रडली आणि डोळ्यांतलं काजळ पसरलं नाही. म्हणजे रडणं खोटं. शेवटच्या जाहिरातीत मी डॉक्टर सोडला, बायको धरली. मी सोडल्यासोडल्या नर्सबाईंनी डॉक्टर उचलला.
डॉक्टरच निघाला.
मी म्हटलं, पहिलं नाव धरा. त्या म्हणाल्या, शेवटचं. पैज लावताना हे ठरलं नव्हतं. सुनेला विचारलं. ती म्हणाली, शेवटचं. हिला विचारायला नको होतं.

९ जून, सोमवार
कुलूप.
बँकेत दरोडा. इन्स्पेक्टर सगळ्यांना एका खोलीत बसवून पाऊण तास तेच तेच विचारतो. पहिल्या दहा मिनिटांत मला सात गोष्टी सुचल्या. गिळल्या. पोटात दुखायला लागलं.
शेवटच्या जाहिरातीत नर्सबाई टाके मोजत बसल्या. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, कॅशियर. निघाला पहारेकरी. मी हसले. हसायला बंदी नव्हती.

१० जून, मंगळवार
बाई पुन्हा चुकल्या. सारख्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या. विणताना टाके सुटले, सगळी बाही उसवली.
मी ओठ घट्ट मिटलेले. म्हटलं मनातल्या मनात, आता कळतंय ना. बोलणाऱ्याचे हुलगे विकतात, न बोलणाऱ्याचे गहूही पडून राहतात.

११ जून, बुधवार
तिसऱ्यांदा चुकल्या. जाताना दारात थांबल्या. म्हणाल्या, "उद्यापासून बोला बाई. तुम्ही गप्प असलात की मला काही उमजत नाही."
शेवटी कबूल केलं. गेटवर सुपरवायझरसुद्धा माझ्या तोंडाकडे बघूनच बाई अडवायचा. अनुभव लपत नाही. थोडे आढेवेढे घेतले, मग हो म्हटलं.
सुनेला दोनदा सांगितलं. ती म्हणाली, हो का.

१२ जून, गुरुवार
तीन दिवसांचं तुंबलेलं सगळं बोलले. मेहुणा, स्वयंपाकीण, वकील, इस्टेटीचा मॅनेजर. प्रत्येकाचं कारण दिलं. नर्सबाई मान डोलावत होत्या, सुया भराभर चालल्या होत्या. शेवटी म्हणाल्या, मोलकरणीचा नवरा. बरोबर.
नात आज लवकर आली होती. तिने विचारलं, तुम्हाला कसं कळतं हो? नर्सबाई म्हणाल्या, "सोपं आहे. तुझी आजी ज्याचं नाव घेते त्याच्यावर मी काट मारते. उरेल तो खुनी. पस्तीस वर्षं नोकरी केली, इतकी खात्रीची चूक कुठे बघितली नाही."
नात हसत हसत सोफ्यावरून खाली घसरली. सुनेने स्वयंपाकघरात नळ सोडला. भांडी घासलेलीच होती.
मीही हसले. काय करणार.
झोप लागेना तेव्हा बेत केला. उद्या मनातलं मनात ठेवायचं. जो खुनी असणं शक्यच नाही, त्याचं नाव मोठ्याने घ्यायचं. बाई त्याच्यावर काट मारतील, मग उरलेल्यांत चाचपडत बसतील. खरा खुनी या वहीत लिहिलेला असेल. एकदा त्यांना चुकवायचं आणि आपण बरोबर यायचं. एका दगडात दोन पक्षी.

१३ जून, शुक्रवार. पहिली जाहिरात
म्हाताऱ्या शेठचा खून. माझा खुनी: ड्रायव्हर. गाडी दोनदा पुसली. एवढी कुणी पुसतं का? लिहून ठेवलं, खाली रेघ मारली.
मोठ्याने म्हटलं, शेठची आई. नव्वदीची, चष्म्याच्या काचा बशीएवढ्या, अख्खा भाग खाटेवर पडून. हिच्या हातून डास मरायचा नाही.
नर्सबाई म्हणाल्या, पक्कं? म्हटलं, पक्कं. दुसरं नाव घेणार नाही. त्यांनी मान हलवली आणि काट मारली. मला दिसली काट मारताना.

संध्याकाळी
शेठची आई.
उशी तोंडावर दाबली. खाटेवरून उठून. नीट चालत गेली.
नर्सबाई ड्रायव्हर म्हणाल्या होत्या.
त्यांनी सुया पिशवीत घातल्या, उठल्या, माझा हात हातात घेतला. म्हणाल्या, मानलं तुम्हाला. नातीने टाळ्या वाजवल्या. सुनेने न सांगता चहा केला, आल्याचा. ओळखलं कसं, तिघींनी विचारलं. अनुभव, म्हटलं.
तसं बघितलं तर त्या म्हातारीचा मला आतून संशय होताच. नाहीतर एवढ्या माणसांतून तिचंच नाव तोंडात का आलं?
ड्रायव्हर लिहून खाली रेघ मारली होती, ते खोडलं. पान फाटलं.
नर्सबाई जाताना म्हणाल्या, काट मारायचं बंद. सोमवारपासून तुम्ही म्हणाल तोच खुनी, मी डोळे मिटून तुमच्या मागे.
म्हणजे आतापर्यंत आम्हा दोघींत एक तरी बरोबर असायची.