पाटीवरचा पाय

नौपाडा, माघ वद्य चतुर्थी, शके १८०९

आज अंग मोडून आले आहे. कॉलेजात आट्यापाट्या खेळताना, मैदानावर आखलेल्या पाटीवर मी उभा राहिलो की कोणी पलीकडे जात नसे. आता इथल्या शाळेत तालीममास्तरांच्या हाताखाली आहे. पाय पाटीवरून ढळू द्यायचा नाही, हे मुलांना संध्याकाळभर ओरडून सांगितले. मग स्वतः करून दाखवायला गेलो आणि माझाच पाय सुटला. मुले हसली नाहीत. हसली असती तर बरे झाले असते. मास्तर हळूच म्हणाले, "उद्यापासून तुम्ही नुसत्या पाट्या आखा."

घरी आलो तो उंबऱ्यावरच थबकलो, दोन्ही हात पसरून. जुनी खोड, दुसरे काय! कुटुंब घागर घेऊन मागे उभे. "इकडून जरा वाट सोडणं होईल का?"

खाली पाहिले. दोन्ही पाय उंबऱ्यावर, तसूभर ढळलेले नाहीत.

तरी बाजूला झालो.