लेखिकेचा डावा कान

शुक्रवार, ७ मार्च

ती मीच आहे. दुसऱ्या कोणाला कळो न कळो, मला कळलं.

लेखिकेच्या घरी तिच्या नव्या मालिकेचा पहिला भाग बघायला जमलो होतो. ती, मी आणि आमचा डॉक्टर (जनावरांचा). मालिकेतली बाई चाळिशीकडे झुकलेली, एकटी राहणारी. दाराला कुलूप लावते, जिना उतरते आणि गॅस बंद केला का ते बघायला परत चढते. पुन्हा उतरते, पुन्हा चढते. प्लंबरला फोन करायच्या आधी आरशासमोर तालीम करते : ‘नमस्कार, मी बोलतेय, नळ गळतोय.’ प्लंबर फोन उचलतो आणि ही म्हणते, ‘नमस्कार, नळ बोलतोय.’

डॉक्टर हसता हसता सोफ्यावरून घसरला. हे माझ्याच बाबतीत घडलंय. मी फक्त लेखिकेला सांगितलं होतं.

मीही हसले. काय करणार.

शनिवार, ८ मार्च

आईचा फोन. ‘अगं, तुझ्या मैत्रिणीची मालिका बघितली. काय ते ध्यान! तुझ्यासारखीच आहे जराशी.’

जराशी.

मंगळवार, ११ मार्च

आमच्या कानाच्या दवाखान्यात स्वागताला बसणारी मुलगी दिवसभर फोन उचलून ‘नमस्कार, नळ बोलतोय’ म्हणत होती. सगळे खिदळत होते. मी आत, काचेच्या अलीकडे, लोकांचे कान तपासत. ‘आवाज आला की बटण दाबा.’ एक आजोबा आवाज नसतानाही दाबत होते. नापास व्हायचं नव्हतं त्यांना. मला त्यांच्याबद्दल इतकं वाटलं की बाथरूममध्ये जाऊन यावं लागलं.

लेखिकेशी बोलायलाच हवं. माझ्यावर लिहू नकोस म्हणून. शुक्रवारी बोलते.

शुक्रवार, १४ मार्च

बोलले नाही. म्हणजे बोलले, पण तिने लक्षच दिलं नाही.

आरशासमोर तालीम करून गेले होते (हो!). ती टीव्हीकडे बघत बसलेली, मी तिच्या डाव्या हाताला. म्हटलं, ‘मला तुझ्याशी बोलायचंय.’ ती ढिम्म. पुन्हा म्हटलं. कॉफी पीत राहिली, जशी मी तिथे नाहीच. मी कप ठेवला आणि दुसरा भाग संपायच्या आत निघाले. दार लावताना तिचा आवाज आला, ‘अरे, ही कुठे गेली?’

इतक्या वर्षांची मैत्री आणि हे वागणं.

शनिवार, १५ मार्च

सकाळपासून दुसराच विचार पोखरतोय.

तिने दुर्लक्ष केलं नाही. तिला ऐकूच आलं नाही.

हॉटेलात ती नेहमी भिंतीकडची खुर्ची पकडते, डावी बाजू भिंतीला. आम्ही थट्टा करायचो की महाराणींना सगळी प्रजा एका बाजूला लागते. फोन हल्ली उजव्या कानाला असतो. विनोदावर सगळ्यांच्या नंतर हसते, आमची तोंडं बघून. माझं कामच हे. दिवसभर परक्यांचं बघते आणि तिचं दिसलं नाही.

की मी उगाच जोडतेय सगळं?

सोमवार, १७ मार्च

फोन केला. ‘एकदा तपासून घे.’

‘झालं तुझं सुरू?’ ती म्हणाली. मग मागच्या वर्षीची आठवण काढली. डॉक्टरच्या मानेवर मला काळा डाग दिसला होता, मी त्याला तीन दिवस झोपू दिलं नव्हतं. तो औषधाचा डाग निघाला. साबणाने गेला.

‘कानात आवाज येतात का?’ मी विचारलं.

‘शिट्टी वाजते कधीकधी. कुकर असेल शेजारचा.’

मग घाईत असल्याचं सांगून तिने फोन ठेवला. एकाच कानाने कमी ऐकू येणं आणि त्याच कानात शिट्टी. मला आवडत नाहीये हे. अजिबात नाही.

शुक्रवार, २८ मार्च

आजच्या भागात मालिकेतली बाई दुकानभर मैत्रिणीच्या मागे धावते. हातात नरसाळं. ‘कान दाखव! कान दाखव!’ मैत्रीण फळांच्या टोपलीत लपते.

डॉक्टर हसला, मग माझ्याकडे बघून थांबला. तो कुत्र्यांसाठी खिशात बिस्किटं ठेवतो. त्यातलं एक त्याने माझ्या हातात दिलं. ‘बस, बस,’ म्हणाला. घाबरलेल्या सगळ्यांशी तो असंच बोलतो, पाय किती का असेनात.

मी बिस्कीट खाल्लं. कुत्र्याचं होतं ते नंतर लक्षात आलं.

बुधवार, २ एप्रिल

भांडण झालं. तिच्या इमारतीच्या जिन्यात. मी तिथेच गाठलं तिला.

ती म्हणाली, ‘लोकांना किती आवडते ती बाई, माहितेय? म्हणजे तू आवडतेस लोकांना. तुला कळत कसं नाही?’

‘ती आवडते. मी खरोखर घाबरले की कोणी ऐकत नाही.’

‘काय?’

मी कठड्याकडे उभी होते. तिच्या डाव्या बाजूला.

पुन्हा बोलले नाही. तिनेही पुन्हा विचारलं नाही. कुलूप उघडून ती आत गेली. मी तशीच खाली आले.

शनिवार, ५ एप्रिल

आली! डॉक्टरने आणलं. ‘कॉफी प्यायला जाऊ’ म्हणून गाडीत बसवलं आणि थेट माझ्या दवाखान्याच्या दारात उतरवलं. मांजरांना असंच आणतात म्हणे लोक त्याच्याकडे.

‘पाच मिनिटं,’ ती मला म्हणाली. ‘आणि यावरही मी भाग लिहिणार आहे.’

उजवा कान स्वच्छ. पानगळही ऐकेल असा. मग डावा सुरू केला. बारीक आवाज दिला. थोडा वाढवला. अजून वाढवला. काचेपलीकडे ती बटणावर अंगठा ठेवून माझ्याकडे बघत होती, भुवया उडवत, मला हसवायला.

मग तिचे ओठ हलले. ‘अगं, सुरू कर ना.’

मी केव्हाच सुरू केलं होतं.

बाहेर आली तेव्हा मी रोग्यांशी बोलते त्या आवाजात सांगू लागले : मोठ्या डॉक्टरांना दाखवू, डोक्याचा एक फोटो काढू. तिने मला थांबवलं.

‘तुला काय वाटतं ते सांग.’

‘मला भीती वाटतेय.’

‘ती तुला रोज वाटते.’

‘हो. पण रोज मला स्वतःलाच ती खरी वाटत नाही.’

ती खाली बसली. पुढच्या रोग्याची खुर्ची होती ती. रोगी उभा राहिला बिचारा, कुरकुर न करता.

शुक्रवार, ११ एप्रिल

कानाच्या नसेवर गाठ आहे. कर्करोग नाही. हे मी मोठ्या डॉक्टरांकडून दोनदा वदवून घेतलं. पण गाठ मेंदूच्या दिशेने वाढतेय, काढावी लागेल. त्या कानाचं ऐकणं पूर्ण जाईल, तोल जाईल काही काळ.

लेखिका एवढंच म्हणाली, ‘तरी बरं, लिहायला कान लागत नाहीत.’ गाडीत बसल्यावर रडली.

माझं म्हणणं खरं ठरलं. आयुष्यभर वाटायचं, एकदा तरी आपली भीती खरी निघावी म्हणजे लोक ऐकतील. आता कोणी हे परत घेईल का?

गुरुवार, २४ एप्रिल

शस्त्रक्रिया. डॉक्टर आणि मी बाहेर बाकावर. त्याचे बिस्किटांचे दोन्ही खिसे रिकामे झाले.

संध्याकाळी शुद्धीवर आली.

सोमवार, २८ एप्रिल

चेहऱ्याची डावी बाजू हलत नाही. परत येईल म्हणतात, सावकाश. उभी राहिली की जमीन कलते, भिंत धरून चालते. मालिका चॅनेलने दुसऱ्याकडे सोपवली. त्याने मालिकेतल्या बाईला एका भागात ठणठणीत बरी केली. गॅस न तपासताच गावाला गेली ती. लेखिकेने अर्ध्या तोंडाने अशी शिवी दिली की नर्स धावत आली.

तिचा भाऊ आलाय. ‘एकटी राहू शकत नाही ती, मी घेऊन जातो.’ तिला जायचं नाही. भावाचं गाव लांब, वहिनीशी पटत नाही.

माझ्याकडे चल, म्हणायचं होतं मला. खोली एकच. मी सकाळी कशी असते हे कोणी पाहिलेलं नाही. तिला रात्री चक्कर आली तर? मला नाही झेपलं तर? आणि तिला नकोच असेल तर? तिच्या उशाशी दोन तास बसले, उजव्या बाजूला. दोनदा तोंड उघडलं. दोन्ही वेळा पाणी हवं का विचारलं.

शनिवार, ३ मे

लेखिकेने भाड्याचं घर सोडलं. कालच घरमालकाला कळवून टाकलं. भावाला सांगितलं, ‘मी हिच्याकडे राहणार आहे, ठरलंय आमचं.’ मला आज सकाळी कळलं, तेही भावाकडून.

कपाटाचा उजवा खण रिकामा करतेय. डॉक्टर तिचं सामान घेऊन जिन्यात उभा आहे.